आतल्या बाजूचा पॅड

नर्सबाईंची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाच धाकट्याने हातातला चहा खाली ठेवला. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला होता. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो करकरता आवाज पस्तीस वर्षांत त्याच्या कानांना इतका ओळखीचा झाला होता, की ब्रेकचा पॅड संपून नुसती पत्री उरली आहे हे त्याला बसल्या जागी कळलं. आणि ही गाडी अकरा महिन्यांत तिसऱ्यांदा येत होती.

धाकटा बावन्न वर्षांचा होता. अर्धं टक्कल पडलेलं, गुडघे कामातून गेलेले, आणि तरी सगळा रस्ता त्याला धाकटाच म्हणायचा, कारण थोरला अजून गॅरेजात रोज हजर असायचा. थोरला त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानेच धाकट्याच्या हातात पहिल्यांदा पाना दिला होता. अलीकडे मात्र दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. गेल्या वर्षभरात थोरल्याने इंजिनाचं बारीक काम हळूहळू धाकट्याच्या गळ्यात घातलं होतं. "ते किचकट तू बघ. ब्रेक माझे," असं एकदा म्हणाला, आणि तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक तोच करायचा. दुरुस्तीनंतर गाडी चालवून बघायचंही त्याने सोडलं होतं. गुडघा दुखतो म्हणायचा. गुडघे धाकट्याचेही दुखत होते, पण ते कोणी विचारत नव्हतं. इंजिनं त्याची, चाचणी त्याची, गिऱ्हाइकांची बोलणी त्याची. रात्री पाठ टेकली की झोप येण्याऐवजी पाठच जाणवायची.

नर्सबाई उतरल्या. पन्नाशीच्या, सडसडीत. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरोघरी जाऊन त्या जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायच्या, आणि हे सगळं एका वीस वर्षं जुन्या राखाडी गाडीच्या भरवशावर चालायचं.

"यावेळी मला सांगू नका की मी ब्रेकवर पाय ठेवून चालवते," त्या उतरता उतरताच म्हणाल्या. "पाच महिने मी पाय मांडीवर घेऊन बसल्यासारखी गाडी चालवलीय. उताराचा रस्ता नको म्हणून रोज लांबून जाते."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मागच्या वेळी हे तोच म्हणाला होता. फार विचार करून नाही. त्या दिवशी चार गाड्या रांगेत होत्या, डोकं उठलं होतं, आणि काहीतरी कारण सांगून मोकळं व्हायचं होतं. "बाई, तुमची सवय बदला," असं म्हणून त्याने त्यांना वाटेला लावलं होतं.

"बसा," तो म्हणाला. "आज मीच खोलतो. कारण सापडल्याशिवाय गाडी देत नाही."

थोरला आत मागच्या खोलीत सुटे भाग धूत होता. आवाज त्यालाही आला असणार, पण तो बाहेर आला नाही.

धाकट्याने जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं आणि गुडघ्यांखाली पोतं घेऊन खाली बसला. ब्रेकचा लोखंडी जबडा, म्हणजे कॅलिपर, उचलून बाजूला केला आणि दोन्ही पॅड हातात घेतले. बाहेरच्या बाजूचा पॅड जवळजवळ नवा होता. आतल्या बाजूचा पार संपला होता. त्याच्या उघड्या पत्रीने चाकाच्या डिस्कवर नांगरल्यासारखे चर पाडले होते. मग त्याने उजवं चाक काढलं. तिथेही आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला होता, फक्त इतका नाही.

"हे असं का?" स्टुलावरून वाकून नर्सबाईंनी विचारलं.

मागच्या दोन्ही वेळा हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा होता. जुने पॅड काढून थोरल्याने सरळ भंगारात टाकले होते, आणि धाकट्याने ते हातात घेऊन पाहिलेही नव्हते.

"हे बघा," तो म्हणाला. "ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो. तो डिस्कला टेकला की हा सगळा जबडा दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. दोघांनी मिळून चाक धरायचं. तुमच्या गाडीत एकटा आतलाच धरतोय."

"म्हणजे एक राबतो आणि दुसरा नुसती हजेरी लावतो," नर्सबाई म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात असे पुष्कळ होते."

त्याला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. तो कामाला लागला. आधी पिस्टन. पिस्टन अडकला असेल तर तो मागे सरकत नाही आणि आतला पॅड डिस्कला घासतच राहतो. त्याने शिकंजा लावून पिस्टन मागे दाबला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. पिस्टन निर्दोष. मग ब्रेकची रबरी नळी. जुन्या गाडीत ती आतून सुजते आणि पाय काढल्यावरही दाब सोडत नाही. त्याने बाईंना ब्रेक दाबून सोडायला लावला आणि हवा काढायचा नट ढिला केला. कोंडलेला दाब असता तर तेलाची चिळकांडी उडाली असती. नुसता एक थेंब ओघळला. नळीही ठीक.

उरल्या पिना. वरची पिन बोटांनी थोडी हलली. खालची हलेना. त्याने पाना लावून पिळली, पुन्हा पिळली, खांद्यातून कळ आली तेव्हा कुठे ती चुर्र करत बाहेर निघाली. पिनेच्या टोकावरचं रबर फुगून मऊ, बेढब झालं होतं. त्याच्यावर चिकटलेलं ग्रीस तपकिरी होतं.

धाकटा ते ग्रीस बोटावर घेऊन नुसता बघत बसला.

ब्रेकच्या पिनांना लावायचं ग्रीस वेगळं असतं. ते पांढुरकं, जवळजवळ पारदर्शक दिसतं आणि रबराला धक्का लावत नाही. हे तपकिरी ग्रीस चाकांच्या बेअरिंगचं होतं. ते रबराला लागलं की रबर फुगतं, पिन जागच्या जागी घट्ट बसते, आणि मग जबडा सरकत नाही. थोरल्यानेच त्याला हे शिकवलं होतं. तो सतरा वर्षांचा असताना त्याच्या हातून असंच चुकलं होतं, तेव्हा थोरल्याने भर गॅरेजात त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

"सापडलं?" बाईंनी विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला. आणि पुढचं वाक्य जड होतं, तरी ते त्याने बोलून टाकलं. "चूक तुमच्या पायाची नव्हती. आमच्या हातची होती. मी तुम्हाला उगाच बोललो."

नर्सबाईंनी झिजलेला पॅड हातात घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "परवा या गाडीत माझ्याबरोबर ऐंशी वर्षांची पेशंट होती. तिला तपासणीला नेत होते." एवढंच. आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

डिस्क बदलावी लागणार होती. धाकट्याने आत आवाज दिला आणि थोरला बाहेर आला. गाडीचं मॉडेल ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या चौकातल्या दुकानातून डिस्क आणि नव्या पिना आणायला पायी निघाला. जाताना नर्सबाईंना म्हणाला, "होईल हो तुमचं दुपारपर्यंत."

तो दिसेनासा होईपर्यंत बाई त्याच्याकडे बघत होत्या.

"तुमचे भाऊ," त्या म्हणाल्या, "माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात."

"सवय आहे त्याची. हल्ली जरा तऱ्हेवाईक झालाय."

"सवय नाही. डोळ्याच्या मधल्या भागातलं दिसेनासं झालं की माणूस असा तिरपा बघतो. कडेकडेचं दिसतं, म्हणून रस्त्यात धडपडत नाही. पण समोर धरलेलं वाचता येत नाही. मी असे खूप पेशंट पाहिलेत. डोळे कधी दाखवले होते?"

धाकटा पोत्यावर बसून राहिला. एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसत होती. वर्तमानपत्र हल्ली घडी न मोडता पडून असायचं. चहा ओतताना थोरला कपाच्या काठावर बोट ठेवायचा. इंजिनाचं बारीक काम, चाचणीची फेरी, दुखरा गुडघा. ब्रेक तेवढे त्याने स्वतःकडे ठेवले होते, कारण ब्रेक तो झोपेतही करू शकला असता. शेजारी उभं राहून वर्षभर काम केलं आणि आपल्याला दिसलं नाही. मग दिसत कोणाला नव्हतं? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच सोडला. त्याच्या मागे जाण्याइतकी ताकद त्या वेळी त्याच्यात नव्हती.

थोरला परतला. डिस्क बरोबर आणली होती. पिनाही बरोबर होत्या.

"दादा," धाकटा म्हणाला, "हे जरा बघ." आणि त्याने फुगलेली पिन पुढे केली.

थोरल्याने ती हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा टोकावरून फिरवला, आणि अंगठा थांबला.

"रबर फुगलंय," तो म्हणाला. "ग्रीस चुकलंय. कुठल्या गाढवाने लावलं?"

बाई खाली बघू लागल्या. त्या शांततेतच थोरल्याला उत्तर मिळालं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी डाव्या डब्यातलंच घेतो," तो म्हणाला. "डावा डबा ब्रेकचा. पंचवीस वर्षं डावाच आहे."

आता धाकट्याला आठवलं. गेल्या वर्षी छत गळायला लागलं तेव्हा फडताळ त्यानेच उचलून समोरच्या भिंतीला लावलं होतं. सामान पुन्हा मांडताना कुठला डबा कुठे हे बघायचं काही कारणच नव्हतं. दोन्ही डब्यांवर नावं होती. वाचणाऱ्याला काय अडचण?

"फडताळ मी हलवलं, दादा. डबे उलटे लागले असतील."

थोरला फडताळापर्यंत गेला. दोन्ही डब्यांची झाकणं काढून त्याने दोन्हीत बोटं बुडवली आणि उजेडात हात धरून मान वाकडी करून कितीतरी वेळ बघत राहिला. मग चिंधीने बोटं पुसली.

"तू मला सांगायचं होतंस," धाकटा म्हणाला.

"काय सांगू? की मला पान्यावरचा आकडा दिसत नाही? मग मी इथे येऊन करू काय?"

धाकट्याला रागवायचं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. तो एवढंच म्हणाला, "डावी बाजू मी करतो. तू डिस्कचं खोकं फोड."

काम दुपारी संपलं. भोकं स्वच्छ केली, चारही पिना नव्या घातल्या, पांढरं ग्रीस धाकट्याने स्वतः लावलं. जबडा बोटाने ढकलला तरी सरकत होता. नर्सबाईंनी गाडीत बसण्याआधी एका चिठ्ठीवर डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. थोरल्याने हात पुढे केला होता, पण त्यांनी चिठ्ठी धाकट्याकडे दिली.

"यांना वाचता येणार नाही," त्या सरळ म्हणाल्या. "आणि वाचता आली तरी हे जाणार नाहीत. तुम्ही घेऊन जा. याच आठवड्यात. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं कधीकधी टिकवता येतं."

त्या गेल्यावर दोघे भाऊ गॅरेजच्या दारात उभे राहिले.

"फडताळ हलवल्यापासून पिनांना ग्रीस लावलेल्या गाड्या किती?" धाकट्याने विचारलं. हा प्रश्न बाई असल्यापासून त्याच्या डोक्यात घोळत होता.

थोरल्याने डोळे मिटले. मग तो बोलू लागला, आणि धाकटा वहीच्या मागच्या पानावर लिहू लागला. पिवळी व्हॅन, छपाईवाल्याची. दोन बहिणींची लाल गाडी. शाळेच्या शिपायाची. कापडी दारांची जुनी जीप. आवाज न चढवता, न अडखळता त्याने तेवीस गाड्या सांगितल्या, कोणत्या महिन्यात आली आणि कोणतं चाक जास्त झिजलं होतं त्यासकट. एवढं सगळं त्या डोक्यात जसंच्या तसं होतं.

"फोन मी करतो," थोरला म्हणाला. "तू नंबर लावून दे."

"मी करतो की."

"काम माझं होतं."

ते फोन म्हणजे तीन दिवसांचा छळ होता. धाकटा नंबर फिरवून द्यायचा आणि थोरला उभा राहून बोलायचा, "ब्रेकमध्ये माझ्या हातून चूक झालीय, गाडी घेऊन या, लगेच या." छपाईवाल्याने शिव्या घातल्या. दोघी बहिणींपैकी मोठी म्हणाली की तरीच मेली गाडी एका बाजूला ओढते, आणि तासाभरात हजर झाली. शिपायाने काही न बोलता फोन ठेवला आणि गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. ते नंतर कळलं. दिवसभर चाकं निघत होती, पिना निघत होत्या. काही अजून सुट्या होत्या, काही फुगायला लागल्या होत्या. मधल्या एका सकाळी गॅरेज बंद ठेवून धाकटा थोरल्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. उजवा डोळा गेल्यात जमा होता. डाव्यात अजून थोडं होतं, ते इंजेक्शनांनी राखता येईल असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर वहिनीने हे ऐकलं आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "मला ठाऊक होतं, भाऊजी. गेला उन्हाळाभर हे ताटातली वाटी चाचपडतात. पण कोणाला सांगितलंस तर बघ, म्हणाले होते."

आठवडा संपता संपता बावीस गाड्यांचा निकाल लागला. उरला एक टॅक्सीवाला. त्याचा फोन लागतच नव्हता. आणि दिवसभर गर्दीत ब्रेक मारणारी गाडी तीच.

"स्टेशनमागे उभा असतो तो," थोरला म्हणाला. "नाहीतर मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी."

दोघे सामान घेऊन गॅरेजच्या व्हॅनमधून निघाले. स्टेशनमागे तो नव्हता. दवाखान्याशी नव्हता. तिसऱ्या थांब्यावर, बाजाराच्या मागच्या बाजूला, टॅक्सी रांगेत उभी होती आणि तो बॉनेटला टेकून चार-पाच जणांबरोबर गप्पा मारत होता. फोनचा नंबर बदलला होता म्हणे.

"ब्रेक? एकदम झकास आहेत," तो म्हणाला. "धंद्याच्या वेळेला गाडी खोलू काय? पुढच्या आठवड्यात येतो."

"आजच बघावी लागेल," धाकटा म्हणाला.

"अहो, मी चालवतो ना गाडी! मला कळत नाही?"

धाकट्याला उन्हात उभं राहवत नव्हतं. त्याला वाटलं, सांगितलं आपण, आता याचं हा बघेल. तेवढ्यात थोरला पुढे झाला. टॅक्सीवाल्याच्या कानाच्या रोखाने बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मला दिसत नाही, बाबा. तुझ्या गाडीचे ब्रेक केले तेव्हाही दिसत नव्हतं. चुकीचं ग्रीस लावलंय मी. तुझ्या गाडीत रोज परकी माणसं बसतात. चाक काढून बघू दे."

गप्पा थांबल्या. कोणीतरी विडी विझवली. धाकट्याने भावाकडे बघितलं. डॉक्टरांपुढेसुद्धा तो 'जरा अंधुक' एवढंच म्हणाला होता.

टॅक्सीवाल्याने किल्ली काढून दिली.

रस्त्याच्या कडेला, गटाराच्या झाकणाशेजारी जॅक लागला. रांगेतल्या एकाने चाकांना दगड लावले, दुसऱ्याने सावलीला पुठ्ठा धरला. डावीकडची खालची पिन पाना लावूनही निघेना. थोरल्याने हात घातला, कुठे अडकलीय ते चाचपलं, आणि धाकट्याला म्हणाला, "सरळ ओढू नकोस, पिळत पिळत घे." पिन निघाली. आतल्या पॅडवर नखाएवढी जाडी उरली होती. टॅक्सीवाल्याने तो पॅड हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि रांगेतल्या सगळ्यांना दाखवला.

"आणखी आठ दिवस टिकला असता," धाकटा म्हणाला. "फार तर दहा."

ऊन उतरेपर्यंत चारही पिना बदलून झाल्या. टॅक्सीवाल्याने एक फेरी मारून आणली, थोरल्यासमोर गाडी थांबवली, आणि दोघांना चहा पाजला.

दोघे व्हॅनमध्ये बसून निघाले. धाकट्याचे हात स्टिअरिंगवर कसेबसे टिकून होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा थोरला समोर बघत म्हणाला, "आता मी उद्यापासून काय करायचं?"

धाकट्याला बरंच काही बोलावंसं वाटत होतं. की त्या तेवीस गाड्या मला आठवल्या नसत्या. की आजची पिन माझ्याने निघाली नसती. की मी फार थकलोय, दादा, आणि तू घरी बसलास तर मला एकट्याला हे ओढवणार नाही. पण यातलं काहीच नीट लावून बोलायला त्याला जमलं नसतं.

"उद्या ये तू," तो म्हणाला. "फडताळ पुन्हा लावायचंय. तुला हवं तसं सांग, मी मांडतो."

सिग्नल सुटला. धाकट्याने गिअर टाकला आणि गर्दीतून वाट काढत, जपून, व्हॅन घराकडे घेतली.